रिनोव्हेशनमध्ये ओट्याची वाट लागली? अनुभव लिहा

आमचा कोथरूडचा फ्लॅट २२ वर्षं जुना. बाथरूम नवीन करायचंच होतं, म्हंटलं त्यातच किचनच्या टाइल्सपण बदलून घेऊ. ओट्याला हात लावायचा नाही हे काँट्रॅक्टरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कारण काळा ग्रॅनाइट, एक डाग नाही, सासऱ्यांनी दुकानात दोन तास उभं राहून निवडलेला. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर टाइल कापायचं मशीन चक्क ओट्यावर, खाली नुसता पेपर (तोही त्याच दिवशीचा, मी वाचलापण नव्हता), आणि पेपर उचलला तर शेगडीपासून सिंककडे गेलेला वीतभर लांब चर. पुढच्या गोलाईचा एक टवका पण उडालेला. काँट्रॅक्टर म्हणतो, "मॅडम, शेगडी ठेवली की झाकून जाईल." अहो, चर तिरका गेलाय, शेगडी काय तिरकी ठेवू?

३५ हजार द्यायचे बाकी आहेत. तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत? भरून घेतला, बदलला, की पैसे कापले? सगळं सविस्तर लिहा, मला भांडायला मुद्दे हवेत.

*

साधंवरण:

आमच्याकडे डोंबिवलीला गवंड्याने काही केलं नाही, सगळे गेल्यावर आरओ बसवायला जो मुलगा आला तो सिंकच्या पुढच्या पट्टीवर पाय देऊन वर चढला. ती पट्टी जेमतेम अडीच इंचाची, खाली आधार काही नाही. कट्ट असा आवाज आला आणि सिंकच्या कोपऱ्यातून थेट कडेपर्यंत तडा. नंतर दगडवाल्याने येऊन सांगितलं की सिंकसाठी कापताना कोपरे गोल ठेवायचे असतात, आमचे काटकोनात कापलेत, सगळा ताण कोपऱ्यातच येतो, त्यामुळे आज ना उद्या गेलाच असता. म्हणजे चूक कोणाची यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे!

शेवटी खालून कडप्प्याचा उभा आधार दिला आणि फटीत काळा रंग घातलेलं एपॉक्सी भरलं. चार वर्षं झाली, टिकलंय. पण एक करा, तडा असेल तर लगेच भरा. आम्ही महिनाभर भांडत बसलो, तेवढ्यात पाणी झिरपून खालच्या ट्रॉलीचा प्लाय फुगला, आणि तो खर्च ओट्यापेक्षा जास्त झाला.

*

नाशिकची सून:

ॲसिड!! काम संपल्यावर टाइल्सवरचं सिमेंट काढायला हे लोक ॲसिड मारतात ना, तेव्हा ओट्याकडे बघा गं बायांनो. आमचा ओटा कडप्प्याचा होता. काळा दगड म्हणजे सगळा सारखाच असं मला वाटायचं, पण कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिडचे शिंतोडे पडले तिथे फसफसला आणि पांढरे खरखरीत ठिपके राहिले. ग्रॅनाइटला तेवढं होत नाही. आजेसासूबाई म्हणाल्या, "अगं लिंबू कापून ठेवलं तरी डाग पडतो त्याला, ॲसिड काय घेऊन बसलीस." हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं.

पॉलिशवाल्याकडून पाणी मारत घासून घेतला. ठिपके गेले, पण घरभर काळा चिखल, आणि तो चिखल पुन्हा नव्या टाइल्सच्या फटीत.

*

उलटाघडा:

पैसे कापा. बाकी चर्चा नंतर.

*

मेलबर्नकर:

इकडचा किस्सा वेगळाच झाला. आमचा बेंचटॉप क्वार्ट्झचा, म्हणजे क्वार्ट्झचा चुरा आणि रेझिन मिळून कारखान्यात बनवलेला. चिमणी बसवताना ती हातातून सटकली आणि कडेचा तळहाताएवढा तुकडाच निघाला. बिल्डरने लगेच चूक मान्य केली, त्याचा इन्शुरन्स होता, म्हंटलं सुटलो. पण तसा दगड नव्याने बसवायलाच बंदी! १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियात इंजिनियर्ड स्टोनच्या स्लॅब बंद आहेत, कारण ते कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस, म्हणजे फुफ्फुसांचा आजार होतो. आधीपासून बसवलेल्याची दुरुस्ती करता येते, पण नियम पाळून. त्यामुळे एक तुकडा बदलायच्या ऐवजी सगळा टॉप पोर्सिलेनचा करावा लागला आणि किती पैसे त्यांनी द्यायचे यावर तीन महिने ईमेल ईमेल.

आणि हो, धागाकर्तीच्या किचनमध्ये कटर चालवणारा तो माणूस, त्याच्या तोंडाला बहुतेक रुमालच असणार. ग्रॅनाइटमध्येपण सिलिका असतोच. ओट्याचं नुकसान भरून येईल हो.

*

फरशीवाल्याचा मुलगा:

माझे वडील ३० वर्षं फरशीकाम करायचे, त्यामुळे थोडं दुसऱ्या बाजूनेही. दिसेल ती रेघ म्हणजे तडा नसतो, कधीकधी दगडातच शीर असते. ओल्या फडक्याने पुसा आणि सुकताना बघा, तडा असेल तर तेवढी रेघ पाणी धरून उशिरा सुकते. नख आडवं फिरवा, शिरेवर अडकत नाही, तड्यावर बऱ्याचदा अडकतं. काम सुरू व्हायच्या आधी ओट्याचे फोटो काढून काँट्रॅक्टरला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवायचे, मग "आधीपासूनच होतं" हे वाक्य बंद.

तुमचा चर कटरचा आहे, त्यात वाद नाही. एपॉक्सीने भरला तर हाताला लागणार नाही पण ट्यूबलाइटच्या तिरप्या उजेडात दिसणार, पॉलिशची चमक तशीच येत नाही. कोणी "पहिल्यासारखा करून देतो" म्हणाला तर आधी त्याने दुसरीकडे भरलेला बघून या. आणि पेपर, पुठ्ठा काही उपयोगाचं नाही. खाली जुनी सतरंजी, वर प्लाय. फिकट दगडावर तर ओला पुठ्ठा स्वतःच डाग पाडतो.

*

साधंवरण:

सतरंजीचं आधी कोणी सांगितलं असतं तर!

*

उलटाघडा:

काँट्रॅक्टर ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण कागद लागतात. आमचं सगळं "तुम्ही घरचेच आहात" वर चाललेलं, ना कोटेशन ना पक्कं बिल. तक्रार लिहायला बसलो तर पुरावा म्हणून आमच्याकडे फक्त चहाचे कप होते.

*

(मीच, धागा काढणारी)

सगळ्यांचे आभार, मुद्दे भरपूर मिळाले. नख फिरवलं, चांगलंच अडकलं. काल काँट्रॅक्टरला बसवून शांतपणे सांगितलं की चर आणि टवका भरायचा खर्च तुमचा, आणि १२ हजार मी काम बघून मगच देणार. तो बराच वेळ ओट्याकडे बघत बसला, मग म्हणाला, "मॅडम, पोरगं नवीन आहे." ओटा नवीन नाही ना पण, म्हंटलं. मान्य केलं शेवटी. दगडवाला रविवारी येतोय.

त्या पोराला मास्क आणून दिला. आज बाल्कनीत बसून कापत होता, पाणी मारत. मास्क हनुवटीवर.