माहितीपत्रक नव्हे, वेळापत्रक मागा

एका ताईंनी विचारलंय, मुलीला सोलापुरातच बीएला घालायचंय, पण मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (निवडीचा विषय) वाचून डोकं गरगरतंय. मेजरबद्दल बाकीच्यांनी लिहिलंच आहे, माझी थोडी भर.

ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणजे बीएवाल्यांना विज्ञान किंवा वाणिज्यचा. एका वर्षानंतर बीए सोडलं तर सर्टिफिकेट मिळतं, पण आपोआप नाही, त्यासाठी 4 क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप) वेगळा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही!

माहितीपत्रकात छापलेला प्रत्येक विषय चालू असतोच असं नाही. फी भरण्याआधी विभागात जाऊन गेल्या वर्षीचं वेळापत्रक बघा. मेजर-मायनरचे तास एकाच वेळी लागलेत का? शिकवायला कायम प्राध्यापक आहेत की सगळेच तासिका तत्त्वावर?

अर्थशास्त्राला उगाच नाकं मुरडू नका. फील्ड प्रोजेक्टला विषय शोधत पुण्याला जायला नको, सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी कामगार आहेतच. इतिहासवाल्यांना तर सोलापुरातला 1930 चा मार्शल लॉ (इंग्रजांनी लावलेला लष्करी अंमल) घरचाच. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर या कामगारांच्या मुलाखती घ्यायला मुलीला फार सोपं जाईल.