ऑरगॅनिक दूध घ्यावं का? (फक्त पोषणाचं सांगा)

निमूट: रोज लिटरभर स्किम्ड दूध लागतं. ऑरगॅनिक दुपटीने महाग पडतंय, माझी तयारी फार तर दीडपटीची. त्यात जास्तीचं पोषण नक्की काय असतं? मला पाचवा महिना आहे.

दोनमांजरी: तिप्पट पडलं तरी घ्या! आम्ही दोन वर्षं तेच पितोय, मुलाला साधी शिंकसुद्धा नाही.

चष्मिष्ट: शाळेत जाऊ दे, मग बोलू.

सायप्रेमी: साय पिवळीधमक येते. पोषण डोळ्यांना दिसतं!

खरडवही: पिवळेपणा बीटा-कॅरोटीनचा. गाय हिरवा चारा खाते म्हणून येतो. चरायला जाणारी कुठलीही गाय तसंच दूध देईल, पिशवीवर शिक्का असो वा नसो. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. ऑरगॅनिक दुधात ओमेगा-३ सुमारे ५६ टक्के जास्त निघालं. पण दुधात ते मुळातच चिमूटभर, चिमटीची दीड चिमूट झाली इतकंच. शिवाय ते असतं स्निग्धांशात, आणि तुम्ही पिता स्किम्ड! ज्याचे जादा पैसे मोजणार तेच काढून टाकलेलं. प्रथिनं, कॅल्शियम दोन्हीकडे जवळपास सारखंच.

दोनमांजरी: ५६ टक्के! मी तरी वेगळं काय सांगत होते?

जुनाजाणता: माझं ऑरगॅनिक दुसऱ्याच दिवशी नासलं. दुकानदार म्हणे फ्रिज तपासा. फ्रिज नवाकोरा, दोन दारांचा आहे माझा.

सायप्रेमी: कोणता घेतलात? आमच्यात नुसता बर्फ साचतो.

रात्रपाळी: फ्रिजचा वेगळा धागा काढा की. निमूट, त्याच आढाव्यात आयोडीनचं उलटं निघालं होतं, साध्या दुधात सुमारे ७४ टक्के जास्त. गायींच्या खुराकात आयोडीन घालतात, ऑरगॅनिक पद्धतीत ते सहसा कमी पडतं. बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागतं, तेव्हा दूध बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

खरडवही: अनुमोदन. हे माझ्याकडून राहिलंच.

सायप्रेमी: ऑरगॅनिकची साय पिवळी असते, हे कुणी लिहिलं का?

निमूट: सगळ्यांचे आभार. वाचून साधंच ठेवायचं ठरवलं होतं, तोवर सासूबाईंनी ऑरगॅनिकचे महिन्याचे पैसे भरून टाकले. स्किम्डच. आयोडीनचं उद्या डॉक्टरांना विचारते. हा महिना तेच पिणार.

दोनमांजरी: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.