अनुभव धागा : विधी न करता निरोप दिलात का?

मृण्मयी_दादर
काल सर्वपित्री. शेजारच्या काकूंनी खिडकीत पान ठेवलं, खिरीचा वास आमच्या घरात आला आणि २०१६ आठवलं. बाबांचं देहदानाचं कार्ड लोकलच्या पासमागे असायचं. डोळे सहा तासांच्या आत द्यायचे, म्हणून भावाने आधी नेत्रपेढीला फोन केला, मग मावशीला. दुपारी मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागात सह्या झाल्या. तीन वाजता आम्ही घरी. आई चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "आता काय करायचं?" खरंच काही उरलं नव्हतं. अस्थी नाहीत, दहावं नाही. "तेराव्याला येतो" म्हणणाऱ्यांना द्यायला तारीखच नाही. पिठलं-भातही कोणी आणला नाही, आमच्याकडे सुतक नाही म्हणून. आम्हाला विधी नको होते, माणसं हवी होती. बाबांचा अभिमान आजही तेवढाच आहे. तुमच्याकडे काय केलंत? लिहा.

रिमझिम
"आता काय करायचं" वाचून गलबललं गं. कुकर लावलाय, येते.

गिरगावकर
मी मानत नाही, बहीण मानते. आईचं दहावं बाणगंगेवर केलं. पाऊण तास कावळा शिवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. बहीण अजून म्हणते, आईचं काहीतरी राहिलं. तिला काय सांगू? हात धरून बसलो फक्त.

नाना_मुलुंड
महत्त्वाचं. मेहुण्याने देहदानाचा फॉर्म भरला होता, पण गेला अपघातात. पोस्टमॉर्टेम झालेला देह कॉलेज घेत नाही, हे आम्हाला ऐनवेळी कळलं. मग विद्युतदाहिनी. मंत्र नको हे ठरलेलं, पण त्याऐवजी काय हे कोणीच ठरवलं नव्हतं. सगळे नुसते उभे. शेवटी पुतणी त्याच्याशी बोलायला लागली, "काका, सायकल दुरुस्त झाली." घरी आधीच बोलून ठेवा रे.

सई७
आमचं उलटं. आत्याची फार श्रद्धा. मे २०२० मध्ये पिशवीतूनच नेलं, तोंडही दिसलं नाही. तिच्यासाठी तरी सगळं करायला हवं होतं. अजून टोचतं.

रिमझिम
@सई७ तुझ्या हातात नव्हतं गं ते.

जुन्नरी
आमचे पणजोबा सत्यशोधक. १८७३ ला जोतीरावांनी समाज काढला तेव्हापासून मध्यस्थाशिवाय विधी करायची रीत आहे. त्यामुळे परळच्या चाळीत आजी गेली तेव्हा भटजी नव्हते, पण अख्खा मजला होता.

चाफा
शेजारचे पारशी अंकल. त्यांच्यात देह गिधाडांसाठी ठेवायची रीत. गुरांना देतात त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपली, सरकारने २००६ ला जनावरांसाठी ते बंद केलं, पण डुंगरवाडीवर, म्हणजे जिथे ते देह ठेवतात तिथे, गिधाडं परतली नाहीत. अंकलनी सांगून ठेवलं होतं, मला वरळीला न्या. २०१५ पासून तिथे प्रार्थना करून दहन करता येतं. म्हणजे ते श्रद्धा ठेवूनच बदलले. आंटी मात्र आल्या नाहीत, घरीच दिवा लावून बसल्या.

गिरगावकर
@चाफा त्या आता कशा आहेत?

चाफा
एकट्याच असतात. रात्री डबा मी देते.

मृण्मयी_दादर
आईला सगळं वाचून दाखवलं. उठली, कपाटातून स्वतःचा फॉर्म आणला. मागे पेन्सिलने लिहिलंय : पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलवा, पिठलं-भात करा.

रिमझिम
काकूंना नमस्कार सांग. @नाना_मुलुंड फॉर्म अ‍ॅनाटॉमी विभागातच मिळतो ना? सासऱ्यांना हवाय.

नाना_मुलुंड
हो, तिथेच. घरच्यांच्या सह्या लागतात, मुलांना बरोबर घेऊन जा.