मोटारी फिरायला लागल्या की मॉडबस (उपकरणांमधला संवाद) तुटतो. 46 ओहम रीडिंग बरोबर आहे का?

जिनिंग_मेंटेनन्स (हिंगणघाट)
नमस्कार मंडळी. जिनिंगमध्ये पीएलसीवर (मशीन चालवणारा कंट्रोलर) 14 व्हीएफडी (मोटारीचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह) अन् एक एनर्जी मीटर आरएस-485 या दोन सिग्नल तारांच्या लाइनवर आहेत. मॉडबस आरटीयू, 19200, इव्हन पॅरिटी. केबल 24 गेजची, पिळाची, शिल्डवाली, आता एकूण 180 मीटर. मागच्या हंगामापर्यंत लाइन 9 नंबरच्या ड्राइव्हपाशी संपायची. यंदा तिथून पुढे 90 मीटर ओढून 10 ते 14 बसवले. मोटारी बंद असताना सगळे नीट बोलतात. पाच-सहा मोटारी फिरल्या की 9 च्या पुढे टाइमआउट (उत्तर वेळेत येत नाही). पॉवर काढून पीएलसीपाशी ए-बी या दोन सिग्नल तारांमध्ये मोजलं तर 46 ओहम. पत्ते तपासले, दुहेरी कुठेच नाही. कापसाच्या गाड्या लागल्या की लाइन थांबवता येणार नाही, म्हणून आताच विचारतो.

पॅनेलवाला (अमरावती)
भाऊ, उत्तर त्या 46 मध्येच आहे. टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावायचे रोध) दोनच हवेत, दोन टोकांना, 120 ओहमचे. समांतर धरले तर 60. पण 24 गेजच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण 84 ओहम, म्हणजे 180 मीटर जाऊन-येऊन 30. म्हणून पीएलसीपाशी 67 च्या आसपास दिसायला हवं; 15 उपकरणांच्या इनपुटमुळे थोडं खाली. 46 म्हणजे मध्ये कुठेतरी तिसरा रोध लागलाय. 9 नंबर हे जुनं टोक, त्याचा टर्मिनेशनचा डिप स्विच (छोटा खटका) ऑनच राहिला असणार. तो ऑफ करा, 14 चा ऑन आहे ना बघा. झाकण काढण्याआधी पॉवर काढून ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं पूर्ण थांबा, डीसी बसमध्ये (ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये) चार्ज उरतो.

जास्तीच्या रोधाने सिग्नल खुजा होतो. शांत लाइनवर तेवढा पुरतो, ड्राइव्हच्या स्विचिंगचा नॉइज आला की पुरत नाही.

इन्स्ट्रुमेंट (यवतमाळ)
स्विच सापडला तरी नवी केबल मोटारीच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून गेली का ते बघाच. निदान 30 सेंटीमीटर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. 9 पाशी शिल्ड कापून सोडलं नाही ना? ते सलग हवं, अर्थ फक्त पीएलसीच्या टोकाला. कॉमनची (सगळ्यांच्या सामायिक शून्याची) तिसरी तारही सगळीकडे न्या; नाहीतर दोन पॅनेलच्या अर्थमधल्या फरकाने लाइन -7 ते +12 व्होल्टच्या हद्दीबाहेर जाते. पोलिंग (पीएलसीचं एकेका उपकरणाला विचारणं) थांबवून ए-बीमध्ये व्होल्टेजही मोजा.

जिनिंग_मेंटेनन्स (हिंगणघाट)
9 चा स्विच ऑनच निघाला. आता 63 ओहम. 13 पर्यंत सगळे नीट. 14 वर तासाला दोन-तीन टाइमआउट अजून येतात. पोलिंग थांबवल्यावर 14 पाशी 90 मिलिव्होल्ट.

इन्स्ट्रुमेंट (यवतमाळ)
90 फार कमी जी, किमान 200 हवेत. त्याखाली रिकामी लाइन 0 की 1 हे रिसीव्हरला ठरवता येत नाही, अन् नॉइजचा एखादा झटका तो स्टार्ट बिट (बाइटची सुरुवात) समजतो. पीएलसीपाशी बायस (रिकाम्या लाइनवर ठराविक व्होल्टेज धरून ठेवणारे रोध) द्या: प्लसच्या तारेला 5 व्होल्टकडून 560 ओहम, मायनसला कॉमनकडे 560. पूर्ण लाइनवर ही एकच जोडी. पीएलसी कार्डात आधीच बायस असेल तर तोच ऑन करा, दुसरा लावू नका. ए-बी या अक्षरांवर जाऊ नका, काही कंपन्या उलटं छापतात. मग पुन्हा 14 पाशीच मोजा, पीएलसीपाशी नाही. केबलमधल्या घटीमुळे तिथे नेहमी जास्तच दिसतं.

अन् 14 चं टर्मिनल उघडून रुईचे तंतू ब्रशने काढा. ओल धरली की ते ए-बीमध्ये गळती करतात.