प्रतिसाद : मोठं तळं म्हणजे सुरक्षित तळं नव्हे

'एवढ्या अफाट पाण्यात घाण विरून जाते' असं मोठ्या सरोवरांबद्दल कुणी म्हणतं, ते मला पटत नाही. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं ईरी सरोवर बघा. नकाशावर समुद्रासारखं दिसतं, पण सरासरी खोली जेमतेम 19 मीटर, आणि पश्चिमेकडचा भाग तर 7-8 मीटरच. मोमी नदी शेतांतलं खत घेऊन नेमकी तिथेच येऊन मिळते. उथळ, कोमट पाणी आणि वर खतातला फॉस्फरस! नीलहरित शेवाळाला आणखी काय हवं?

ऑगस्ट 2014 मध्ये या सरोवराचं पाणी पिणाऱ्या अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या नळांना या शेवाळाचं विष आलं. 4 लाखांहून जास्त लोकांना दोन-तीन दिवस पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. आपल्याकडे पाण्याचा संशय आला की आपण ते उकळतो. इथे तोही उपाय नाही. उकळल्याने विष मरत नाही, पाणी आटून उलट दाट होतं.

सरोवरांचं पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी अमेरिका-कॅनडाने केलेल्या 1972 च्या करारानंतर सांडपाण्यातला फॉस्फरस घटला, हे बरोबर आहे. तेव्हा सरोवर सावरलंही होतं. पण सांडपाण्याचा पाइप सापडतो, त्यावर यंत्रणा बसवता येते. हजारो शेतांतून झिरपणाऱ्या पाण्याला कुठे गाठणार?

त्यात 1980 च्या दशकात जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून झेब्रा शिंपले आले. ते पाणी गाळून त्यातलं बाकीचं शेवाळ खातात, मात्र हे विषारी शेवाळ नको म्हणून थुंकून टाकतात. (चोखंदळ पाहुणे!) म्हणजे त्याचे स्पर्धक आपोआप कमी.