शहरालगतच्या बेटावरचं लगून, वर्षभर फोटो काढायचेत, पण सगळे सारखेच येतायत

ओलेबूट:
शहराला लागून एक छोटं बेट आहे, होडीनं पंधरा मिनिटं, आत दोन-तीन उथळ लगून, म्हणजे तळ्यासारखं अडलेलं पाणी. तीन महिने झाले दर रविवारी जातोय, लांबचं जवळ दाखवणारी १००-४०० मिमीची लेन्स आहे, मॅन्युअल मोड (सगळं हातानं ठरवायचं) थोडाफार जमतो. प्लॅन असा की एकाच जागेचे चारही ऋतूंत फोटो काढायचे. पण फोटो बघून रडू येतं. सगळे वरून खाली बघितल्यासारखे, बगळा म्हणजे नुसता पांढरा ठिपका, पिसं नावालाही नाहीत, आणि मागे टॉवर. दुपारी तर काहीच शार्प येत नाही, लेन्स बिघडली म्हणून सर्व्हिसला टाकली, त्यांनी ‘काही झालेलं नाही’ म्हणून परत दिली. काय चुकतंय?

टिबुकली:
लेन्स बरोबर आहे, वेळ चुकतेय. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, डांबरी रस्त्यावर दिसते ना तशीच, आणि लांबच्या पक्ष्याचा फोटो त्या थरथरीतूनच येतो, मग लेन्स कितीही भारी असू दे. उजाडायच्या आत पोच, दहापर्यंत आवर.
बगळ्याचं म्हणजे, फ्रेममध्ये काळं पाणी जास्त असलं की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं, उजेड वाढवतं आणि पिसं जळतात, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय) -१ पर्यंत खाली आण, हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटू देऊ नकोस. आणि उभा राहून काढू नकोस रे, पोटावर झोप! कॅमेरा पाण्यापासून वीतभर वर असला की मागचं सगळं धूसर होतं आणि पक्षी मोकळा दिसतो.

वाऱ्याकडेपाठ:
टिबुकलीचं पटलं. माझी भर एवढीच की बेटावर बसायची जागा सूर्य बघून ठरवतात ते अर्धंच, वाराही बघा, कारण पक्षी वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरतात आणि तसेच उड्डाण घेतात, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असला की बदक थेट तुमच्या तोंडावर येतं आणि वारा समोरून असला की दिवसभर शेपट्यांचेच फोटो, मी पहिलं वर्ष शेपट्याच काढल्या. आणि ऋतू बदलला की वाऱ्याची दिशाही बऱ्याचदा बदलते, त्यामुळे पावसाळ्यातली लाडकी जागा हिवाळ्यात बिनकामाची ठरते. उडतानाचे काढायचे तर शटर स्पीड १/२००० सेकंदाच्या खाली नेऊ नका, सुरय पक्षी पाण्यात सूर मारतो तेव्हा तेही कमीच पडतं.

कॅमेरावाल्या काकू:
ऋतूंचं विचारलंयस म्हणून सांगते. विणीच्या दिवसांत मोठ्या बगळ्याच्या पाठीवर झालरीसारखी पिसं येतात, डोळ्याजवळची कातडी हिरवी होते, ते चुकवू नकोस. पण घरट्याजवळ जायचं नाही म्हणजे नाही. आई उठून गेली की अंडी गार पडतात, कावळे टपलेलेच असतात. वीण संपली की बदकांची उडायची पिसं एकदम झडतात, काही आठवडे उडताच येत नाही, नर तर मादीसारखेच मळकट दिसतात. त्यांना लव्हाळ्यातून हुसकावून फोटो काढणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. आणि फोटो टाकताना लोकेशन काढून टाक.

सिमेंटचंजंगल:
टॉवर घालवताय कशाला? झाडापाण्यातला बगळा सगळ्यांकडे आहे. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं थांब, खिडक्यांचे दिवे पाण्यात उतरतात आणि रातबगळे तेव्हाच बाहेर पडतात. शिकारीला टपलेला बगळा पुतळ्यासारखा असतो, ट्रायपॉडवर १/३० लाही चालून जातं. दहातले आठ फोटो हलतील, दोन पुरतात.

टिबुकली:
@सिमेंटचंजंगल शेवटची होडी चुकली की कळेल 😄

ओलेबूट:
काल धक्क्यावर पालथा पडून होतो, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला, चोचीच्या टोकाला एक थेंब, पडतोय पडतोय म्हणता म्हणता परत चोचीवर चढायचा, आणि एका फोटोत त्या थेंबात उलटा टॉवर दिसतोय!! तोच टॉवर ज्याला शिव्या घालत होतो. एक विचारायचं राहिलं, कडक थंडीत काय काळजी घेऊ? इथं कडेचं पाणी गोठतं.

वाऱ्याकडेपाठ:
जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, थंडीत चार्ज भराभर उतरतो. घरात शिरायच्या आधी कॅमेरा पिशवीत घालून तोंड घट्ट बांध आणि तासभर उघडू नकोस, नाहीतर लेन्सवर दव जमतं. बर्फ राखाडी येत असेल तर इथं उलटं, कॉम्पेन्सेशन +१ कर. आणि कडेच्या बर्फावर पाय ठेवू नकोस. बाकीचं पाणी गोठलं की बदकं उरलेल्या मोकळ्या डबक्यात दाटीनं येतात, तिथं काठावरून शंभर पावलं लांब बसलास तरी पुरतं.

कॅमेरावाल्या काकू:
थेंबाचा फोटो टाक की मग.