स्मोकरमधील लाकडाची आच कशी सांभाळावी?

तापीकाठ:
नमस्कार. भुसावळला गच्चीवर आडव्या पिंपाचा, बाजूला स्वतंत्र भट्टी जोडलेला स्मोकर (लाकडाच्या धुरावर मंद आचेने मांस भाजायचे साधन) करून घेतला आहे. त्यात बाभळीच्या लाकडावर बोकडाची रान (मांडी) भाजतो. परंतु आच कधी १६० अंश सेल्सिअसवर जाते आणि ती उतरवण्यासाठी भट्टीची झडप मिटली, की दाट पांढरा धूर कोंडून मांस कडवट होते. आच ११० ते १२० अंशांवर ठेवायची असेल तर हवा कमी करावी की लाकूड? लाकूड आधी भिजवावे असेही सांगतात. ते योग्य आहे का?

यावलकर:
लाकूड कमी करावे, हवा नव्हे. तापलेल्या लाकडातून आधी ज्वलनशील वायू निघतात. त्यांना पुरेशी हवा मिळाली तर ते ज्वाळेतच जळतात आणि धुराड्यातून जेमतेम दिसेल इतकाच निळसर धूर येतो. झडप मिटली, की तेच वायू अर्धवट जळून काजळी आणि डांबरासारखा चिकटा होऊन मांसावर बसतात. म्हणून धुराडे पूर्ण उघडे, झडप बरीचशी उघडी आणि आग मात्र लहान ठेवावी. आधी कोळशाचे निखारे करून त्यांवर मनगटाएवढे फोडलेले एकच लाकूड ठेवावे आणि त्याची ज्वाळा बसू लागली की दुसरे द्यावे. हे दुसरे लाकूड तोवर भट्टीच्या माथ्यावर तापत ठेवले, तर टाकताक्षणी पेट घेते. भिजवणे अगदीच टाळावे, कारण पाणी उडून जाईपर्यंत लाकूड नुसते धुमसत राहते. ओल २० टक्क्यांच्या आत हवी. वाळलेली दोन लाकडे एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजतात, ओली बद्द वाजतात.

धुळेकर:
बाभूळ उत्तमच, फक्त साल काढून घ्यावी. पॅकिंगच्या खोक्यांच्या चिडाच्या (पाइनच्या) फळ्या, प्लायवूड आणि रंगवलेले लाकूड भट्टीजवळही आणू नये. तापमापक झाकणावर असेल तर तो जाळीच्या उंचीवर बसवावा, कारण मांसाला लागणारी आच तीच.

असोदेकर:
आपल्याकडचा हात भरताच्या आगीला सरावलेला असतो, आणि घोटाळा तिथेच होतो असे मला वाटते. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा भडका, धूर, काजळी हे सारे वांग्याला चालते, कारण करपलेली साल आपण सोलून टाकतो. (जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या आगीसाठी नव्हे, वांग्यासाठी!) मांसाला सोलून टाकण्याजोगी साल नसते, त्यावर बसलेला धूर थेट ताटात येतो.

तापीकाठ:
आभारी आहे. पण आच १६० वर गेलीच, तर त्या क्षणी काय करावे?

यावलकर:
पेटते लाकूड चिमट्याने बाहेर काढून वाळूच्या घमेल्यात ठेवावे आणि झडपेला हात लावू नये. निखारे पुरेसे असतील तर आच हळूहळू उतरते. १२५ च्या आसपास आली, की आधीपेक्षा बारीक लाकूड द्यावे.